मनाचे मोजमाप

ज्यांच्या घरी शिष्यवृत्ती परीक्षेचा अभ्यास चालतो त्यांस 'बुद्धिमत्ता चाचणी' हे शब्द नवे नाहीत. संख्यामाला पुरी करा, गटात न बसणारे पद ओळखा, आरशातील आकृती कोणती ते सांगा, अशा प्रश्नांनी भरलेली जाड पुस्तके मुलांच्या दप्तरांत असतात; नवोदय विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेतही मानसिक क्षमतेचा भाग असतोच. हे सारे प्रश्न मुले सोडवितात आणि पालक गुण विचारतात. परंतु बुद्धीसारखी डोळ्यांस न दिसणारी व हातास न लागणारी वस्तू मोजली जाते तरी कशी, आणि त्या मोजमापावर भरवसा ठेवावा तो किती, ह्याचा विचार फारसा कोणी करीत नाही. ज्या अंकावरून मुलाचे पुढील शिक्षण ठरते, आणि कधी कधी त्याच्याविषयी घरच्यांचे मतही ठरते, तो अंक कसा निपजतो हे विद्यार्थ्यांस व पालकांस ठाऊक असणे इष्ट होय.

न दिसणारी वस्तू मोजणे हे काही मानसशास्त्रानेच प्रथम आरंभिलेले नाही. उष्णता कोणी पाहिली आहे? पारा वर चढला की ताप चढला असे आपण म्हणतो. म्हणजे जे दिसत नाही ते त्याच्या परिणामावरून मोजतो. तद्वत् बुद्धी, स्मरण, अवधान, स्वभाव ही दिसत नाहीत. पण ती असली म्हणजे मनुष्याच्या हातून काही कामे होतात व नसली म्हणजे होत नाहीत. ती कामे योजून मनुष्यापुढे ठेवावयाची आणि त्याने किती केली ते मोजावयाचे, एवढेच मानसिक कसोटीचे मूळ आहे. येथवर सर्व सोपे आहे. अडचण पुढे येते ती मापाची.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी धान्य पायलीने व अडिसरीने मोजीत. पण एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीएवढी असेलच असा नेम नसे. म्हणून 'दहा पायल्या ज्वारी' एवढे म्हणून भागत नसे. कोणत्या गावच्या पायलीने, हे विचारावे लागे. इ. स. १९५८ पासून आपल्या देशात किलोग्रॅमची पद्धत लागू होऊ लागली आणि हा घोटाळा हळूहळू मिटला. मानसिक कसोटीची अवस्था किलोग्रॅमसारखी नसून अजून पायलीसारखीच आहे, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. बुद्धीचा शून्य कोठे आहे हे कोणास सांगता येत नाही. ज्याचे वजन ८० किलो त्याच्या निम्मे वजन ४० किलोवाल्याचे. परंतु ज्याचा बुद्धिगुणांक १४० त्याच्या निम्मी बुद्धी ७० वाल्याची, हे विधान सर्वथा निरर्थक आहे. मानसिक मापात एका मनुष्याची दुसऱ्या अनेक मनुष्यांशी तुलना असते, ह्याहून अधिक काही नसते. तेव्हा 'कोणाशी तुलना?' हा येथील पहिला आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होय.

ती तुलना न्याय्य व्हावी म्हणून जी खटपट करतात तिला प्रमाणीकरण असे नाव आहे. प्रश्न सर्वांस तेच, ते विचारण्याचे शब्द तेच, वेळ तितकाच, आणि गुण देण्याचे नियम लिहून ठेवलेले. परीक्षकाने एका मुलास 'नीट विचार कर हं बाळ' म्हणून धीर द्यावा आणि दुसऱ्याकडे घड्याळ रोखून पाहावे, असे झाल्यास दोघांचे गुण एका ओळीत मांडण्यात अर्थ राहत नाही. मग ही कसोटी निरनिराळ्या वयांच्या पुष्कळ मुलांस देतात. ही मुले अशी निवडावी लागतात की त्यांच्यात शहरातील व खेड्यातील, मुलगे व मुली, सधन व निर्धन, सर्वांचा योग्य वाटा असेल. त्यांच्या गुणांवरून जी कोष्टके तयार होतात त्यांस मानके म्हणतात. नंतर येणाऱ्या प्रत्येक मुलाचे गुण ह्या कोष्टकांशी ताडून पाहावयाचे.

ही कल्पना प्रथम नीट अमलात आणली ती पॅरिस येथील मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने ह्याने. शिक्षण सक्तीचे झाल्यामुळे फ्रान्समधील शाळांत सर्व प्रकारची मुले येऊ लागली होती, व काही मुले वर्गाबरोबर चालू शकत नाहीत असे दिसू लागले. त्यांना हुडकून वेगळे शिक्षण कसे द्यावे ह्याचा विचार करण्यासाठी १९०४ साली तेथील सरकारने एक मंडळ नेमले; त्यात बिने होता. शिक्षकांच्या मतावर ही निवड सोपविली असती, तर खोडकर मूल 'मंद' ठरावे आणि गरीब गाईसारखे स्वस्थ बसणारे मूल सुटून जावे, असा धोका होता. म्हणून बिने व त्याचा सहकारी सिमाँ ह्यांनी १९०५ साली ३० लहान लहान कामांची एक मालिका तयार केली. सोप्यापासून कठिणाकडे जाणारी ही कामे होती: दाखविलेली वस्तू ओळखणे, सांगितलेले अंक तसेच म्हणून दाखविणे, दोन वस्तूंतील भेद सांगणे, इत्यादी. पुढे १९०८ मध्ये त्यांनी ही कामे वयवार लावली. आठ वर्षांच्या बहुतेक मुलांस जे साधते ते ज्याला साधले त्याचे मानसिक वय आठ, मग त्याचे जन्मपत्रिकेतील वय काहीही असो.

आता चार वर्षांचे मूल दोन वर्षांनी मागे असणे आणि बारा वर्षांचे मूल दोन वर्षांनी मागे असणे ह्या दोन गोष्टी सारख्या नव्हेत. म्हणून १९१२ साली जर्मनीतील विल्यम स्टर्न ह्याने मानसिक वयास खऱ्या वयाने भागण्याची युक्ती सुचविली. तो भागाकार १०० ने गुणला म्हणजे बुद्धिगुणांक येतो. आठ वर्षांच्या मुलाने दहा वर्षांच्या मुलाची कामे केली तर १२५. दहा वर्षांच्याने आठ वर्षांच्याचीच केली तर ८०. मुलांपुरते हे गणित चालले, प्रौढांच्या बाबतीत मात्र फसले. चाळीस वर्षांच्या गृहस्थाची बुद्धी वीस वर्षांच्या तरुणाच्या दुप्पट वाढलेली असावी अशी अपेक्षा कोण धरील? म्हणून अमेरिकेतील डेव्हिड वेक्सलर ह्याने १९३९ च्या आपल्या कसोटीत हा भागाकार सोडला आणि प्रत्येकाची तुलना त्याच्याच वयाच्या लोकांशी केली. त्या वयाची सरासरी १०० धरावयाची, आणि गुणांचा पसारा असा बसवावयाचा की दर शंभरांतील सुमारे ६८ माणसे ८५ ते ११५ च्या दरम्यान यावीत, सुमारे दोन ७० च्या खाली व सुमारे दोन १३० च्या वर. आज बुद्धिगुणांक म्हणतात तो हाच. नाव राहिले, भागाकार गेला.

हिंदुस्थानात ह्या विद्येचा प्रवेश झाला त्यात आपल्यासारख्या मिशनच्या शिक्षणसंस्थांचा वाटा आहे, हे ह्या अंकाच्या वाचकांस वाचून कौतुक वाटेल. लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजातील मिशनरी अध्यापक सी. हर्बर्ट राइस ह्यांनी पंजाबातील मुलांकरिता बिनेची कसोटी हिंदुस्थानी भाषेत आणली. त्यांचा ग्रंथ १९२९ साली प्रसिद्ध झाला. तिची मानके मुलग्यांवरून ठरविलेली होती, मुलींवरून नव्हे. तेव्हा मुलींस ती लावणे म्हणजे परगावच्या पायलीने मोजणेच होय. मराठीपुरते बोलावयाचे तर मान व्ही. व्ही. कामत ह्यांचा. त्यांनी धारवाडास राहून कानडी व मराठी बोलणाऱ्या मुलांकरिता बिनेच्या कसोटीची नवी आवृत्ती सिद्ध केली, तिचा वृत्तांत १९३४ साली इंग्लंडातील एका शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात दिला, आणि १९४० साली त्यावर ग्रंथ लिहिला. 'बिने-कामत कसोटी' ह्या नावाने ती पुढे देशभर पसरली.

असे रूपांतर म्हणजे भाषांतर नव्हे. बिनेच्या कसोटीत नाणी ओळखावयाची असत. ती फ्रेंच नाणी आमच्या मुलांपुढे ठेवून काय उपयोग? बरे, नाणी आपली ठेवावी तर कोणती? कामतांच्या काळी धारवाड मुंबई इलाख्यात होते व तेथे इंग्रजी राज्याचा कलदार रुपया चाले. आपला परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि येथे हाली सिक्का चालत असे. कलदार नाणी ओळखता आली नाहीत म्हणून जिंतूरच्या किंवा पाथरीच्या एखाद्या चलाख मुलाचे मानसिक वय एक वर्षाने घटविले असते, तर तो दोष बुद्धीचा की सरहद्दीचा? १९५७ साली दशमान नाणी आली आणि आणे-पैही आठवणीत गेली. कसोटीतील प्रश्न असे शिळे होतात. चित्रातील कंदील, जाते, टांगा आजच्या मुलास ओळखता येत नाही म्हणून त्यास मंद कोण म्हणेल?

ह्या दृष्टीने नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रातील डॉ. आर्थर मालिन ह्यांचे कार्य विशेष उपयुक्त ठरले. वेक्सलरच्या मुलांच्या कसोटीचे त्यांनी भारतीय रूपांतर केले. ते १९६९ साली प्रसिद्ध झाले. ह्या कसोटीत शब्दांचे प्रश्न निराळे व हातांनी करावयाची कामे निराळी आहेत. ठोकळे जुळवून नमुना तयार करणे, चित्रातील उणीव दाखविणे, कागदावरील चक्रव्यूहातून वाट काढणे, ह्या कामांस भाषा फारशी लागत नाही. म्हणून जे मूल बोलण्यात मागे पण हातांनी हुशार, ते येथे सापडते.

एवढी काळजी घेतली तरी कसोटी चांगली की वाईट हे ठरविण्यास आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली विश्वसनीयता. मानवतच्या बाजारात कापसाची गाडी एकदा काट्यावर चढविली, उतरविली, आणि पुन्हा चढविली. दोन्ही वेळा वजन जवळजवळ सारखे आले तर काटा खरा; दहा-दहा किलोंचा फरक पडू लागला तर शेतकरी भांडावयास उभा राहील आणि ते रास्तच आहे. मानसिक कसोटीही काही दिवसांनी पुन्हा देऊन, किंवा तिचे दोन भाग पाडून त्यांचे गुण एकमेकांशी जुळतात की नाही हे पाहून, तपासता येते. हा मेळ दाखविणारा गुणक पूर्ण असता १ येतो. पण पूर्ण मेळ कधीच बसत नाही, ०.९० आला तरी कसोटी उत्तम समजतात. आता वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी कागद घ्यावा. पसाऱ्याचे माप १५. १ मधून ०.९० वजा केले, ०.१० उरले, त्याचे वर्गमूळ सुमारे ०.३१६, त्यास १५ ने गुणले, सुमारे ४.७ आले. ही एका मापातील स्वाभाविक चूक. शंभरांतून पंच्याण्णव वेळा खरा अंक सापडावा इतकी खात्री हवी असेल तर ही चूक जवळजवळ दुप्पट, म्हणजे दोन्ही बाजूंस नऊ धरावी लागते. तेव्हा एखाद्या मुलाचा अंक ९२ आला ह्याचा प्रामाणिक अर्थ '८३ ते १०१ च्या दरम्यान कोठेतरी' एवढाच. एका भावाचे ९६ व दुसऱ्याचे ९२ आले म्हणून पहिला हुशार असे म्हणणे म्हणजे हलत्या काट्यावर सोने तोलण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट यथार्थता, आणि ही अधिक गहन आहे. काटा स्थिर असला तरी आपण मोजू म्हणतो तेच तो मोजतो काय? आपल्या जिल्ह्यातील मागील पिढ्यांस ह्याचे उदाहरण मुद्दाम देण्याची गरज नाही. १९४८ पूर्वी येथे माध्यमिक शिक्षण उर्दूतून होत असे. घरी मराठी बोलणाऱ्या मुलास गणिताचे लांबलचक शाब्दिक उदाहरण उर्दूत घातले आणि ते त्यास सुटले नाही, तर त्याचे गणित कच्चे की उर्दू कच्ची? कितीही वेळा तशीच परीक्षा घ्या, गुण तेच येतील. विश्वसनीयता उत्तम, यथार्थता शून्य. आज उर्दूच्या जागी इंग्रजी आहे, इतकाच फरक. लमाणी बोलणाऱ्या तांड्यावरील मुलाच्या बाबतीत तर प्रमाण मराठीतील कसोटीसुद्धा हाच दोष करील.

सरावाच्या पुस्तकांचेही ह्याच सदरात सांगितले पाहिजे. तापमापक गरम चहात बुडवून ज्वर दाखविण्याची युक्ती शाळा चुकविणारी मुले जाणतात. बुद्धिमत्ता चाचणीचे हजार नमुने घोकून घेणे हे काहीसे तसेच आहे. अंक वाढतो, पण ज्याचा तो अंक ती गोष्ट तितकी वाढतेच असे नाही. स्पर्धापरीक्षा म्हणून सराव जरूर करावा, सर्वच करतात. मात्र त्या गुणांस बुद्धीचे माप समजू नये, आणि ज्या खेड्यातील मुलास ते पुस्तकच मिळाले नाही त्याची आपल्या मुलाशी तुलना करून छाती फुगवू नये.

स्वभावाचे व आवडीचे मापन ह्याहूनही नाजूक. तेथे बरोबर-चूक उत्तर नसते. 'मला अनोळखी माणसांत मिसळणे आवडते' अशा वाक्यांपुढे होय किंवा नाही लिहावयाचे असते, आणि मनुष्यास स्वतःस बरे दाखविण्याची हौस असते. महाराष्ट्र राज्य माध्यमिक मंडळाने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली, ती पुष्कळ घरांत आठवत असेल. कल म्हणजे ओढ. कल म्हणजे क्षमता नव्हे. ज्याचा कल ललित कलेकडे निघाला त्याला चित्र काढता येतेच असे नाही, आणि शेतीकडे कल निघाला म्हणून घरी नाराजी पसरण्याचे तर काहीच कारण नव्हते. पंधराव्या वर्षी ओढ बदलतेही फार लवकर.

मापाचा दुरुपयोग कोणत्या थरास जातो हे अमेरिकेत दिसले. पहिल्या महायुद्धात तेथे सतरा लाखांहून अधिक सैनिकांस कसोट्या दिल्या. त्यांपैकी साक्षरांच्या कसोटीत अमेरिकेतील व्यापारी मालाची व खेळाडूंची नावे विचारणारे प्रश्न होते. नुकतेच युरोपातून आलेले लोक त्यात मागे पडले, आणि ह्यावरून अमुक देशांचे लोक जात्याच मंद, असे कार्ल ब्रिगॅम ह्याने १९२३ साली ग्रंथ लिहून प्रतिपादिले. १९३० साली त्याने स्वतःच ते अनुमान मागे घेतले. पण तोवर पुष्कळांनी ते खरे मानले होते. पुढे १९८० नंतर जेम्स फ्लिन ह्याने आणखी एक गोष्ट दाखविली: अमेरिकेत जुन्या मानकांवर मोजले असता अंक दर दहा वर्षांस सुमारे तीनने चढत गेले होते. चाळीस वर्षांपूर्वीच्या कोष्टकावर आजचे मूल मोजले तर ते फुकटच दहा-बारा गुणांनी हुशार दिसावयाचे. कसोटीचे कोष्टक केव्हाचे, हे म्हणूनच विचारावे लागते.

आणि हे विचारणे काही वेळा अत्यंत निकडीचे असते. बौद्धिक दिव्यांगतेचा दाखला देताना ७० च्या आसपासची रेषा महत्त्वाची ठरते, आणि दाखल्यावर मुलास मिळणारी मदत व सवलती अवलंबून असतात. ६९ आणि ७१ ह्यांत काट्याच्या दृष्टीने काहीच अंतर नाही हे आपण वर गणिताने पाहिले. परंतु घरच्यांच्या दृष्टीने ते अंतर केवढे! म्हणून एकट्या अंकावर निर्णय न करता मुलाचे रोजचे वागणेही पाहण्याची पद्धत आहे. त्यासाठी जी सामाजिक परिपक्वतेची मापनपट्टी आपल्याकडे वापरतात तिचे भारतीय रूपही वर सांगितलेल्या मालिन ह्यांनीच केले. तीत मुलास प्रश्न घालीत नाहीत; त्याच्या आईस विचारतात. आपल्या हाताने जेवतो का, गुंड्या लावतो का, एकटा शेजारी जाऊन येतो का, दुकानातून जिन्नस आणतो का? शेळ्या मोजून संध्याकाळी सगळ्या परत आणणारे मूल कागदावरच्या ठोकळ्यांत अडखळले, तर ती गोष्टही लिहून ठेवण्यास येथे जागा असते.

तेव्हा मुलाचा असा कागद हाती आल्यास पालकांनी कसोटी देणाऱ्यास निःसंकोच विचारावे: कसोटी कोणती, कोणत्या भाषेत घेतली, तिची मानके कोणत्या मुलांवरून व कोणत्या साली ठरली, त्या दिवशी मूल आजारी किंवा उपाशी तर नव्हते, आणि ह्या अंकावरून पुढे करावयाचे काय? जो तज्ज्ञ आपले काम जाणतो त्यास ह्या प्रश्नांचा राग येत नाही. विशेषतः शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ऐकून घेतल्यावाचून उठू नये. पुण्याची ज्ञान प्रबोधिनी १९६२ साली आप्पा पेंडसे ह्यांनी स्थापिली, ती बुद्धिमान मुले निवडून त्यांस विशेष शिक्षण देण्याकरिता. तेथे निवडीनंतर काय करावयाचे हे आधी ठरलेले होते. निवड करून ठेवावयाची व मग काहीच करावयाचे नाही, अशी मोजणी कोणाच्याच उपयोगाची नाही.

बिनेने तरी दुसरे काय केले? १९०९ च्या आपल्या पुस्तकात, बुद्धी ही जन्मतः ठरलेली व न वाढणारी वस्तू आहे असे मानणाऱ्यांवर त्याने कडक टीका केली, आणि मागे पडलेल्या मुलांकरिता मनाचे व्यायाम सुचविले. त्यांतील एक खेळ आपल्याकडील लहान मुलेही खेळतात. शिक्षकाने खूण करावी आणि सर्व मुलांनी, ज्या स्थितीत असतील त्याच स्थितीत, पुतळ्यासारखे उभे राहावे. पहिल्या दिवशी कोणी हसते, कोणी डोलते. हळूहळू मुले अधिकाधिक वेळ निश्चल राहू लागतात. आणि ज्यांना जागेवर क्षणभर बसवत नव्हते ती मुले मग पाटीवरच्या अक्षराकडेही तितकाच वेळ पाहू लागतात.